न बघता लावलेला बिबा

प्रिय आई,

काल तुझा पहिला स्मृतिदिन झाला. वंदना संपली आणि मोठेबाबांनी माईक धरला. बाबांचे थोरले भाऊ, आपल्या करडी गावाचे सर्वज्ञ. "आजारच तसा होता, कोनाच्या हातात नव्हतं," म्हणाले. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून तुला लिहितेय.

हातात नव्हतं म्हणे! भाताच्या रोवणीत टाचेत काटा रुतला, तिथे तू बिब्याचा चटका दिलास. पुढे तिथेच काळा डाग दिसायला लागला. लहान भावजयीच्या पायाकडे जेठाने बघायचं नसतं, म्हणून मोठेबाबांनी तोंड दाराकडे केलं आणि न बघताच निदान केलं. "बिब्याचाच डाग आहे. दवाखान्यात कायले जाता?"

आणि तू? "भाऊजी सांगून राहिले तं बरोबरच असन." एवढी कशी गं भोळी तू?

बिब्याचा डाग कातडीबरोबर निघून जातो, आई. तुझा वाढत गेला. कडा वेड्यावाकड्या, मधे काळा, बाजूला तपकिरी. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मेलानोमा म्हटलं. कातडीचा कॅन्सर. ऊन न लागणाऱ्या तळपायाला, नखाखालीही होतो. डाग लहान असतानाच दाखवला असता, तर तेवढा भाग काढून बहुतेक निभावलं असतं, म्हणाल्या.

पण जांघेत गाठ आली तेव्हाही आमच्या धन्वंतरींकडे उत्तर तयार होतं. "अवधानाची गाठ आहे. पायाले जखम असली का येतेच." डॉक्टरीणबाई तुकडा तपासल्याशिवाय बोलल्या नाहीत. यांना कसली तपासणी लागते?

काल पंगत उठल्यावर धाकट्या काकूने मला तिचा पाय दाखवला. अंगठ्याच्या नखात काळी रेघ, बाजूच्या कातडीवर उतरलेली. मोठेबाबांनी लगेच मान वळवली. "ठेचलं असन. बिबा लाव."

तुझ्या फोटोसमोर, आई!

मी विचारलं, "तुम्ही पाय पाहिला का?"

"जेठानं पाहाचं असते का?"

"मंग बोलाचंही नसते."

काकूने पदर सावरला, पाय उचलला आणि सरळ त्यांच्या समोरच्या खुर्चीवर ठेवला. "पाहा मंग," म्हणाली. मोठेबाबा उठून पानठेल्याकडे चालते झाले.

उद्या सकाळच्या बसने काकूला नागपूरला नेतेय. कदाचित साधंच काही निघेल. निघो बापडं. पण जे सांगायचं ते बघून सांगतील.

तुला वचन देते, आई. या घरातल्या बाईच्या दुखण्याला यापुढे तोंड फिरवून कोणी नाव देणार नाही.

तुझी,
वैशाली