चौथी प्रत

द हेग, नोव्हेंबर १७८१

आदरणीय मेहिटबेलताईस,

धाकट्या भावाने हॅट काढून, कंबर साथ देईल तितकं वाकून केलेला नमस्कार. तुझा डावा गुडघा आता कसा आहे? (डावाच ना? तुझ्या एका पत्रात डावा होता, दुसऱ्यात उजवा. पत्रं इथे मागची पुढे, पुढची मागे अशी पोचतात, त्यामुळे सध्या नेमका कुठला दुखतोय याचा इथे बसून काही पत्ता लागत नाही. दोघांनाही आराम पडो.) कोंबड्या कशा आहेत? तो चावरा कोंबडा अजून आहे का? बंदरावरच्या तुझ्या खिडकीतून येणारी-जाणारी जहाजं तू अजूनही मोजत बसतेस का? शेवटचा प्रश्न मी उगाच विचारलेला नाही, पण त्याकडे सावकाश येतो.

माझं ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे. इथली ओल हाडात शिरून बसली आहे. घरमालकीण ग्रीटबाई चुलीत दलदलीतली वाळवलेली गवतमाती जाळते, तिचा धूर घरभर आणि ऊब फक्त तिच्या मांजराला. कामाचं म्हणशील तर आपल्या नव्या देशाचा वकील म्हणून मी दर मंगळवारी इथल्या मंत्र्याच्या दिवाणखान्याबाहेर बाकावर बसतो. मला आत बोलावलं तर इंग्रज चिडतील आणि हाकलून दिलं तर उद्या ही लढाई आपण जिंकल्यावर अडचण होईल, म्हणून मंत्र्याने मला बाकावर ठेवलं आहे. या बाकावर दोन वर्षं झाली. दारावरचा शिपाई आता मला बघून न विचारता माझा कोट खुंटीवर टांगतो. देशासाठी मी आजवर एवढंच मिळवलं आहे.

आता मुद्द्याचं. ताई, माझ्या हातून घर मोडायची वेळ आली आहे. तुझी भावजय डॉर्कस माझ्याशी बोलत नाही. (दोघांच्या मध्ये समुद्र असताना माणूस बोलत नाही म्हणजे काय करतो, असं तू म्हणशील. तेच सांगतोय.)

गेल्या मार्चमध्ये तिचं पत्र आलं. गाई व्याल्या, छपराची फळी उडाली, नव्या पाद्रीबाबांचं प्रवचन लांबतं, असं सगळं लिहून शेवटी एक ओळ होती: तुमच्या लिहायच्या खोलीत मी चीज ठेवायला घेतलं आहे, पुस्तकं पेटीत नीट बांधली आहेत, घरात तेवढी थंड जागा दुसरी नाही. बास, एवढंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं मी परक्या मुलखात खारे मासे खातोय, आणि माझ्या फळ्यांवर, जिथे माझे कायद्याचे ग्रंथ होते तिथे, चीजचे गोळे मांडलेत! मी लगेच कागद ओढला. पण ताई, इतकी वर्षं फक्त तह आणि करारांचे मसुदे लिहिल्यावर माणसाला साधं भांडणही साधेपणाने येत नाही. मी कलमं पाडली. कलम पहिले, सदर खोली लढाईपूर्वी जशी होती तशी परत करावी. कलम दुसरे, सर्व चीज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या मागे न्यावे. तिसऱ्यात मी नुकसानभरपाई मागितली होती. आणि सातव्यात जे लिहिलं ते तुला सांगतानाही लाज वाटते. लिहिलं, की जिवंत नवऱ्याची खोली मेल्यासारखी रिकामी करणाऱ्या बाईने विधवेचे कपडेही शिवून ठेवायला हरकत नाही.

पत्र टेबलावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी बाकावर जाऊन बसलो. बाकावर बसून राग फार टिकत नाही, तिथे सगळंच विझतं. दुपारपर्यंत माझं मलाच कसंतरी व्हायला लागलं. तडक घरी आलो, पत्र फाडायला. टेबल स्वच्छ होतं.

आता तू मोठ्या कौतुकाने शिफारस करून माझ्या गळ्यात बांधलेले कारकून, टलमास्तर, यांच्याबद्दल दोन शब्द. माणूस देवमाणूस आहे. अक्षर मोत्यासारखं. मूळ कागदावर शाईचा डाग असेल तर नकलेतही त्याच जागी तेवढाच डाग काढतात. इंग्रज आपली जहाजं पकडतात म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक कागदाच्या चार प्रती काढून चार वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या, असा इथला रिवाज आहे. मास्तरांनी एकदा एकच प्रत पाठवली, ती बुडाली, आणि मी त्यांना असं फैलावर घेतलं होतं की बिचारे आठवडाभर जेवले नाहीत. तेव्हापासून ते चुकत नाहीत.

‘‘मास्तर, इथलं पत्र कुठंय?’’ ‘‘गेलं साहेब. चारी प्रती गेल्या. एक बॉस्टनला, एक फिलाडेल्फियाला, एक बेटांवरून, आणि एक फ्रान्सच्या बंदरातून.’’ ‘‘अहो, ते माझ्या बायकोला होतं!’’ ‘‘पत्ता मी वाचला, साहेब. पण आत कलमं होती. कलमं असलेला कागद चार प्रतींत, हा आपलाच हुकूम. पत्त्याबद्दल हुकमात काही नाही.’’ आणि वर म्हणाले, ‘‘सातवं कलम जरा कडक वाटलं, पण धोरण ठरवणं माझं काम नाही.’’  मी खुर्चीत बसलो आणि डोकं धरलं.

ग्रीटबाईला सगळं ऐकू गेलंच होतं. (त्या घरात भिंती नावालाच आहेत.) तिने कंबरेवर हात ठेवून माझी उलटतपासणी घेतली. चीज किती? मी म्हटलं, असतील चाळीस गोळे. आणि पुस्तकं? ती पेटीत. ‘‘मग बरोबर केलं बाईने. चीज रोज उलटावं लागतं, पुस्तक पडून राहिलं तरी नासत नाही. रोज कोण उलटतं?’’ बायको, मी म्हटलं. ‘‘आणि तुम्ही इथे बसून काय उलटता?’’ त्या दिवसापासून गल्लीतली मासेवालीसुद्धा मला ‘चीजवाले साहेब’ म्हणते. बायकोने चीज केलं म्हणून रागावलेल्या माणसाला सहानुभूती मिळेल असा देश जगात असेलही, पण मी नेमका हॉलंडात आलोय.

मी त्याच आठवड्यात माफीचं पत्र लिहिलं. एकही कलम न घालता. ते मास्तरांच्या दृष्टीस पडू नये म्हणून स्वतःच्या हाताने मोहोर लावली, स्वतः बंदरावर गेलो आणि ओळखीच्या एका कप्तानाच्या हातात दिलं. लाजेपोटी प्रत काढली नाही. कप्तानाने माझ्यासमोर ते शिशाचा तुकडा बांधलेल्या पिशवीत टाकलं. (शत्रूचं जहाज दिसलं की पिशवी समुद्रात फेकायची, तीही आपलीच पद्धत.) मी निर्धास्त झालो. दोन महिन्यांपूर्वी तो कप्तान परत आला आणि हसत हसत सांगतो कसा, वाटेत धुक्यात एक शीड दिसलं, इंग्रज असेल म्हणून पिशवी फेकली, जवळ गेल्यावर कळलं की डॅनिश कोळी आहेत. त्यांच्याकडून मासे घेतले म्हणे, फार चांगले होते. म्हणजे जिन दारूची पिंपं सुखरूप पोचली, मातीच्या चिलमी पोचल्या, कप्तान पोचला, आणि माझी माफी तेवढी तळाला गेली.

आणि ते चार प्रतींचं? ताई, दोन वर्षांत सरकारी कागदांच्या धड दोन प्रतीही कधी पोचल्या नसतील. या पत्राच्या लागोपाठ तीन पोचल्या. पहिली मेमध्ये, दुसरी जुलैमध्ये, तिसरी ऑगस्टमध्ये. प्रत्येकीवर मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात वर लिहिलेलं: प्रत पहिली, प्रत दुसरी, प्रत तिसरी.

गेल्या महिन्यात डॉर्कसचं उत्तर आलं. तिसऱ्या प्रतीनंतरचं. छोटंसं आहे, पाठ झालंय. ‘‘तुमचं म्हणणं तिन्ही वेळा समजलं. सहा वर्षांत तुम्ही मायेने लिहिलेली कितीतरी पत्रं बुडाली असतील, त्यांची प्रत काढावी असं तुम्हाला कधी वाटलं नाही. या पत्राची मात्र काढावीशी वाटली. खोली रिकामी करून ठेवली आहे. ट्रंकही रिकामी केली.’’ कसली ट्रंक, मला कळेना. रात्रंदिवस तोच विचार, ट्रंक, ट्रंक.

ते परवा कळलं. तिचं मे महिन्यातलं उत्तर, पहिल्या प्रतीनंतरचं, कुठे कुठे भटकून आता आलं. ताई, ती हसली होती गं! लिहिते, ‘‘सातवं कलम वाचून आधी रडले, मग पहिलं कलम पुन्हा वाचून पोट धरून हसले. तुमच्याशी भांडायला तरी कुणीतरी समोर हवं. मी येते तिकडे, शरद ऋतूतल्या जहाजाने. ट्रंक भरायला घेतली आहे. चीज बहिणीकडे ठेवीन. ती खोली थंड राहते कारण तुम्ही गेल्यापासून तिथे शेकोटी पेटवायला माझा हात होत नाही.’’ हे मी मार्चमध्येच समजायला हवं होतं. थंड जागा दुसरी नाही, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी फक्त चीज वाचलं. ती येणार होती, ताई. आत्ता या वेळी ग्रीटबाईशी चुलीपाशी भांडत बसलेली असती. मी मेल्याने तिला तिच्या भरल्या ट्रंकेसमोर आणखी दोनदा तेच ऐकवलं.

म्हणून तुला विनंती. फ्रान्सच्या बंदरातून गेलेली चौथी प्रत अजून वाटेत आहे. ती डॉर्कसच्या हातात पडली तर संपलंच. तू बंदरावर असतेस, सगळे कप्तान तुझ्या हातचं जेवून गेलेले आहेत. फ्रान्सहून येणाऱ्या प्रत्येक जहाजाची पिशवी बघ, आणि तेवढा एक कागद काढून चुलीत घाल. सरकारी मोहोर आहे म्हणून घाबरू नकोस, पाप माझ्या डोक्यावर.

तुझा करंटा भाऊ,
एलिफलेट

ता.क. हे पत्र पाठवायला कुठल्या जहाजावर विश्वास ठेवावा ते कळेना. म्हणून मीच घेऊन येतो. राजीनामा पाठवला आहे, मास्तरांनी चार प्रती काढल्या, आता आधी तो पोचतो की मी, देव जाणे. निघायच्या आदल्या दिवशी मंत्र्याचा शिपाई धावत आला: येत्या मंगळवारी मंत्रिमहोदय मला आत बोलावणार! दोन वर्षं ज्यासाठी बाक झिजवला ते. मी म्हटलं, मंगळवारी मास्तरांना भेटा म्हणावं, ते कलमं चांगली उतरवतात. हे बोलताना बरं वाटलं आणि जिन्यात रडू आलं. ग्रीटबाईने डॉर्कससाठी चीजचा एक गोळा दिला आहे. चीज करणाऱ्या बाईला चीज! नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा ता.क. जहाजावरून, समुद्र खवळलेला, अक्षराला माफ कर. फ्रान्सच्या बंदरात एकच जहाज मिळालं, कप्तान झेनस गोरहॅम यांचं. डोलकाठी दुरुस्त करत ते तिथे महिनोन् महिने अडकलं होतं. काल कप्तान सहज म्हणाले, तुमच्याच कचेरीचा एक कागद माझ्या पिशवीत मार्चपासून आहे. चौथी प्रत, ताई! माझ्या झोपायच्या फळीखाली! मी हातापाया पडलो. कप्तान म्हणतात, मोहोरबंद कागद ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात, पाठवणाऱ्याने परत मागितला तर मुळीच द्यायचा नाही, असं हुकमात आहे. हुकूम कुणाचा, ते आता मी सांगत नाही. पोचल्याबरोबर त्यांचा खलाशी पत्रं वाटायला निघेल. तेव्हा हे पत्र हातात पडताच तू टेकडीवर डॉर्कसकडे जा, आणि त्याच्या आधी माझ्या वतीने बोल. माझ्याच्याने तोंडाने बोलवणार नाही. सहा वर्षं मी फक्त लिहितोय.

तिसरा ता.क. तुझ्या भिंतीला कागद टेकवून लिहितोय. खिडकीतून तू दिसतेस. डावा पाय स्टुलावर, त्याला फडकं बांधलेलं. म्हणजे डावाच. या पायाने तू कुठली टेकडी चढणार! खलाशी गुत्त्यात शिरलाय, तिथून लवकर निघणार नाही, पण काही माणसांना अर्धाच प्याला पुरतो म्हणतात. मग मीच जातो. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, मसुदा नाही, नुसती हॅट आणि एक चीजचा गोळा आहे. हे पत्र दाराखालून सरकवतोय, ते कोंबड्याला खाऊ देऊ नकोस. रात्रीच्या जेवणाला माझं एक ताट वाढून ठेव, ताई. अंधार पडेपर्यंत मी परत आलो, तर काही विचारू नकोस, नुसतं वाढ. आणि आलोच नाही, तर माझ्या वाटणीचं खुशाल त्या कोंबड्याला घाल.