सगळ्या गोळ्या वरून

५ जुलै
आज पत्र्याला एकही गोळी लागली नाही. सहाशे मीटर, वारा पडलेला, मी जमिनीवर पालथा, बंदुकीखाली वाळूचं पोतं. हा लोखंडी पत्रा मी वर्षानुवर्षं वाजवत आलोय! नेम किती वर धरायचा ते फोनमधलं ॲप सांगतं; बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती बरोबर तेवढेच खटके फिरवली. तरी धूळ उडाली ती मागच्या टेकाडावर.

हात. दुसरं काय असणार? बाबांचंही कापणं याच वयात सुरू झालं. आधी हात, मग मान. शेवटी आई चमच्यानं भरवायची.

"कसं झालं?" सुसारानं विचारलं. म्हटलं, ठीक. बायकोला काय सांगायचं?

११ जुलै
पुन्हा तेच.

१२ जुलै
शेजारच्या मळ्यावरचा गिडियन बघत उभा होता. "काय रे फानी, ढगातली हरणं मारतोस काय?" मीही हसलो. पुढच्या शनिवारी चर्चच्या जत्रेत नेमबाजी आहे आणि माझं नाव त्यानं कधीच देऊन टाकलंय. नको म्हणावं तर कारण सांगायला हवं.

त्यात जेवताना सुसारा म्हणते, "एकवीसला डॉक्टरकडे जायचंय. वेळ घेतलीय तुझी." मी भडकलो. मला काय धाड भरलीय? "वय झालं की दाखवावं एकदा," एवढंच म्हणाली. गिडियननं तोंड उघडलेलं दिसतंय.

१६ जुलै
मुलगी आलीय किम्बर्लीहून, लेरिना. बंदूक मीच शिकवली पोरीला. आज ती दुर्बीण लावून शेजारी बसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. हाताचं, आजोबांचं, सगळं.

ती म्हणाली, "हात कापत असता तर गोळ्या चहूकडे विखुरल्या असत्या, बाबा. या सगळ्या एकाच जागी जातायत. पत्र्याच्या वरून. फोन द्या इकडे."

गेल्या महिन्यात जुना फोन मेंढ्या औषधात बुडवायच्या हौदात पडला, तेव्हा नव्यात सगळे आकडे मीच भरले होते. मोठ्या रुबाबात. हवेचा दाब रेडिओवर ऐकून.

तिनं कपाळाला हात लावला. "रेडिओवाले समुद्रकाठचा हिशेब धरून सांगतात हो! आपण राहतो साडेचार हजार फुटांवर. इथली हवा विरळ, गोळी कमी खाली येते. ॲपला वाटतंय तुम्ही किनाऱ्यावर पडलाय, म्हणून ते नेम वर उचलायला लावतंय."

आकडा बदलला. पहिलीच गोळी — टण्ण!

मी तसाच मातीत पडून राहिलो. डोळे भरून आले. धूळ गेली म्हणालो. "गेली असेल," ती म्हणाली.

१९ जुलै
जत्रेत दुसरा आलो. गिडियन चौथा. मटणाची दोन ताटं हाणली. कित्येक दिवसांनी अन्न गोड लागलं. उद्या सुसाराला सांगतो, ती वेळ रद्द कर म्हणून.

२० जुलै
सांगितलं. ॲप, दाब, बाबांसारखं होईल म्हणून धरलेली धास्ती, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली,

"तुझ्या बंदुकीचं मला काय कळतं, फानी? सांडू नये म्हणून एप्रिलातल्या ईस्टरपासून मी तुझा कॉफीचा कप अर्धाच भरतेय."

रडायला हवं होतं. उलट मोकळं वाटलं, हाताचं आता एकट्यानं लपवायला नको. उद्या दोघं डॉक्टरकडे जातोय. गाडी ती चालवेल.