नियम चौथा : पायी फिरणारा इसम

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.५२ च्या गाडीत.
आजपासून रोजनिशी. बायकोने काल निर्वाणीचं सांगितलं. या महिन्यात दहा दिवस तरी संध्याकाळी साडेसातला घरी येऊन लेकीबरोबर, चिमणीबरोबर, जेवायचं. नाही जमलं तर एक तारखेला शहरातल्या जुन्या घराच्या भाडेकरूला नोटीस, आणि सगळे परत. मी हसलो. दहा म्हणजे काहीच नाही. एवढी श्रीमंत, शांत, झाडीची वसाहत सोडून त्या दोन खोल्यांत कोण जाईल?

३ सप्टेंबर
काल ९.४०. पहिला दिवस, धरायचा नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार
९.२५. प्रगती आहे. साहेबांनी साडेपाचला मीटिंग ठेवली, त्यात माझा दोष शून्य. अजून चोवीस दिवस आहेत. वेळच वेळ.
बायको म्हणते इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. साफ खोटं. रात्री स्टेशनवर ठेवलेली मोटार घेऊन गेटमधून आत येतो तेव्हा वॉचमन कडक सलाम ठोकतो. अख्खी वसाहत मला ओळखते.

११ सप्टेंबर
आनंदाची बातमी! रहिवासी समितीच्या सुरक्षा विभागात मला घेतलं. अध्यक्ष शेजारचे निवृत्त जज्जसाहेब. त्यांना अजून भेटलेलो नाही, पण मेसेजची भाषा फार अदबीची. नियमावलीचा मसुदा मी करणार. बायकोला सांगितलं तर म्हणाली, आधी जेवायला ये. हिला सार्वजनिक कामाची किंमत नाही.
जेवणं : शून्य. (दोनदा आठ वाजून गेल्यावर पोचलो. ती अर्धी अर्धी धरून एक, असं माझं म्हणणं. तिचं नाही.)

१५ सप्टेंबर, रविवार
आज घरीच होतो, म्हणजे आजचं जेवण मोजायला हवं. बायको म्हणते रविवार धरायचा नाही, शिवाय तू जेवणाच्या वेळी सोफ्यावर घोरत होतास. आठवडाभर पहाटे उठणाऱ्या माणसाने रविवारी झोपायचं नाही तर काय नाचायचं?
संध्याकाळी बागेला पाणी घालणार होतो. अंधार पडला.

१९ सप्टेंबर, रात्री
नियमावली पूर्ण. एक ते तीन कचरा, कुत्री, पार्किंग. खरं डोकं लावलं ते चौथ्यात. आपल्याकडे सगळे गाडीतून येतात-जातात. तेव्हा हातात बॅग घेऊन पायी फिरणारा, घरांचे नंबर वाचणारा इसम दिसल्यास फोटो ग्रुपवर टाकावा व वॉचमनने त्यास केबिनमध्ये बसवावे. पाचवा : इसमाने फोन, ओळखपत्र काहीही दाखवले तरी विश्वास ठेवू नये, वस्तू चोरीच्या असू शकतात. घरच्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय सोडू नये.
सहाजणांनी ग्रुपवर पसंतीचे अंगठे पाठवले. जज्जसाहेबांनी फूल पाठवलं. डोळे पाणावले. परतीच्या गाडीत या नादात स्टेशन चुकलं, उलट गाडीने परत आलो. १०.१०.

२६ सप्टेंबर
जेवणं अजून शून्य. बायको आज भांडली नाही, याचंच वाईट वाटलं. दहाचं सोड म्हणाली, निदान सोमवारी तीस तारखेला एकदा ये. एकदाच. चिमणीला तसं सांगून ठेवलंय.
एकदा! साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. दिली. मिळते म्हणजे, मागितली की. हे आधी का सुचलं नाही, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

३० सप्टेंबर, सोमवार
शांतपणे लिहितो.
४.५० ला स्टेशनवर उतरलो. गाडी बायकोकडे, चिमणीला पोहायला न्यायची होती. तेव्हा चालत निघालो. इथे पहिल्यांदाच. फुटपाथ सुंदर, पण त्यावर कोणीच नाही. गेटवर दिवसपाळीचा वॉचमन होता, सलाम नाही. बेशिस्त. आत सगळी घरं एकाच साच्यातली. रात्री आमचं घर मी दारावरच्या दिव्यावरून ओळखतो, दिवसा तो बंद. म्हणून नंबर वाचत चाललो.
इतक्यात ग्रुपवर फोटो आला. पाठमोरा इसम, हातात बॅग, टाळूवर चांगलं बशीएवढं टक्कल. मी ताबडतोब लिहिलं : चाल संशयास्पद, सोडू नका. खाली सही म्हणून घर नंबर ४१.
दोन मिनिटांत वॉचमनने माझं मनगट धरलं.
मला टक्कल आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.
मी फोन दाखवला, ओळखपत्र दाखवलं. त्याने पाचवा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. तो मीच लिहिला असं सांगितलं, तर म्हणाला, सगळे असंच म्हणतात. जज्जसाहेबांना बोलावलं. ते आले, चष्मा पुसून पाहिलं, आणि हा गृहस्थ आपल्या पाहण्यात नाही असा निर्वाळा दिला. बायकोला फोन लावले, तिचा फोन घरात चार्जिंगला. केबिनच्या खिडकीतून आमची गाडी पावणेसातला आत जाताना दिसली. मी हात हलवला. चिमणीनेही हलवला, पण ती प्रत्येक वॉचमनला हलवते.
साडेसात त्या केबिनमध्ये वाजले. घरापासून दोनशे पावलांवर. रडू आलं, खरंच आलं.
आठला दोघी आल्या, वाट पाहून, जेवून, मग फोन पाहून. वॉचमनने आधी चिमणीला विचारलं, बाळा, हे कोण? तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, हे रविवारी आमच्या सोफ्यावर झोपतात.
ओळख पटली. सुटलो.

१ ऑक्टोबर, मंगळवार
ग्रुपवर जज्जसाहेबांचा मेसेज : प्रसंगावधान दाखवून इसमास रोखणाऱ्या घर नंबर ४१ च्या दक्ष सभासदांचे जाहीर आभार. बायकोने तो मोठ्याने वाचला. हसली नाही.
भाडेकरूला नोटीस गेली. तिकडे न्हाणीघर गळतं, याची मी आठवण करून दिली. ती म्हणाली, गळू दे, तू दोन दिवस दिसला नाहीस तर खालचा शिंपी वर येऊन चौकशी करायचा. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ६.५२ ची वेळ झाली होती.
मी बूट घालत होतो. चिमणीने आईला विचारलं, बाबा पण येणार का आपल्याबरोबर राहायला?
ती म्हणाली, रविवारी.
रविवार म्हणजे अजून पाच दिवस. वेळच वेळ.