आजीचं दार उघडं ठेवण्याबाबत

॥ श्री ॥

पुणे, १० एप्रिल १९७८

ती. सौ. सुनंदावहिनींस,
दिनकरचा सा. न. वि. वि.

आपण उभयता क्षेम असाल. इकडे कॉलेजच्या परीक्षा, खाणावळीचे जेवण आणि माझी सर्दी ही तिन्ही नेमाने चालू आहेत. पत्रास कारण की, येत्या ज्येष्ठ वद्य पंचमीला आपल्या आजीला जाऊन वर्ष होईल. कै. सुमित्राबाई आगटे ही केवळ श्रीरंगदादाची आणि माझी आजी नव्हती. ती दिल्लीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाची अन्नपूर्णा होती. माझे आईवडील गेल्यावर तिने मला दादाच्या बरोबरीने वाढवले, तेव्हा तिचे चरित्र लिहिणे मलाच भाग आहे. पुस्तिका काढतो आहे. नाव ‘अन्नपूर्णा’, प्रती पाचशे, प्रकरणे तीन: कुटुंब, श्रद्धा आणि औदार्य. आपल्या आठवणी धाडाव्यात. शक्यतो उदात्त असाव्यात.

शेवटच्या पानाची कल्पना मला फारच साधली आहे. दहाव्याला घाटावर कावळा शिवेना, तेव्हा मी सर्वांसमक्ष आजीला शब्द दिला होता की तुझे दार असेच उघडे राहील, आल्यागेल्याला दोन घास मिळतील. आणि त्या क्षणी कावळा शिवला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तो प्रसंग देऊन खाली ठळक अक्षरांत ‘आजीचे दार आजही उघडे आहे’ असे छापणार, आणि त्याखाली तुमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरचा पत्ता, बस नंबरासकट.

पहाडगंजच्या मराठी शाळेने जुलैपासून आपल्याला शिकवायला बोलावले आहे, असे दादाच्या पत्रात होते. आनंद वाटला. पण साक्षात अन्नपूर्णेची गादी चालवणाऱ्या गृहलक्ष्मीला नोकरीचे काय अप्रूप? ते आपण जाणताच. आमच्या प्राचार्यांचे साडू सहा माणसांनिशी हरिद्वारला निघाले आहेत. त्यांना आपला पत्ता दिला आहे.

वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद माझ्या लेखणीवर असू द्यावा.

आपला,
दिनकर

॥ श्री ॥

नवी दिल्ली, २१ एप्रिल १९७८

चि. दिनकरभावजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. सर्दीवर सुंठ घ्या. साडू येऊन गेले. सहा नव्हते, नऊ होते. गंगेचं पाणी आणून देतो म्हणाले आणि जाताना आमचा थर्मास घेऊन गेले.

आठवणी मागितल्यात, तर लिहिते. उदात्त आहेत का ते तुम्ही ठरवा. श्रद्धेच्या प्रकरणात घाला की आजींचा सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आणि रविवारी शेजारच्या सरदारणीबरोबर गुरुद्वारा. एकदा मंडळातल्या कुणी हटकलं, तर म्हणाल्या की भांडणं ट्रस्टींमध्ये असतात, देवांमध्ये नसतात. औदार्याच्या प्रकरणात घाला की मुलाखतीला आलेल्या एका पोराला त्यांनी कोट दिला. तो कोट तुमच्या दादांचा होता, आठवड्यापूर्वी शिवलेला. तुमचे दादा ती थंडी मफलरवर काढून ऑफिसला गेले. माझा प्रेशर कुकर दिला, बाळंतिणीला शाल दिली ती माझ्या माहेरची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, भावजी. पण ज्याला दिलं त्याचं खरंच काम झालं, हेही लिहा. तो पोरगा आज मोठ्या हुद्द्यावर आहे. कोट अजून परत आलेला नाही.

आता कावळ्याचं. जूनचं ऊन होतं, कावळे पिंपळात चिडीचूप बसलेले. तुमच्या दादांनी सांगितलं की देवपूजा चालू ठेवीन, कावळा हलला नाही. मी म्हटलं की तुमच्या लोणच्याच्या बरण्या सांभाळीन, तरी नाही. मग तुम्ही पुढे होऊन भाषणच केलंत आणि मेला आला. तेराव्याचं जेवून तुम्ही पुण्याची गाडी पकडलीत. त्या दिवसापासून तुमचा शब्द मी पाळते आहे.

साताऱ्याचे एक गृहस्थ कृषि भवनातल्या फायलीसाठी आले. फाईल हलेना म्हणून तेही हलेनात, एकोणीस दिवस. मुनिरक्यातले तीन विद्यार्थी महिन्यातून दोनदाच धार्मिक होतात आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी असते. संक्रांतीला काला अंबच्या स्मारकाला गेलेली मंडळी परतताना उतरली, अकरा जण. जेवणानंतर त्यांनी पानिपत पुन्हा लढून या खेपेस जिंकलं आणि नव्या गादीवर चहा सांडला. कॅन्टोन्मेंटातले सुभेदार खंडेराव आणि भीमाबाई तेवढे येताना संत्री घेऊन येतात आणि ताट उचलतात. असा माणूस आला की मलाही बरं वाटतं, खोटं का सांगू.

पण भावजी, मला ही नोकरी हवी आहे. बी.एड. मी आजींच्या राज्यातच केलं. मी आतल्या खोलीत अभ्यास करायची आणि आजी बाहेर पाहुण्यांना दटावायच्या की नातसून शिकते आहे, हळू बोला. आणि मग स्वतःच मोठ्यानं हाक मारायच्या की अगं सुनंदा, चार पोळ्या टाक. शाळेनं मे अखेरपर्यंत होय किंवा नाही कळवायला सांगितलंय. घर असंच धर्मशाळा राहिलं, तर मला नाही लिहावं लागेल. तुमच्या दादांना विचारलं तर ते म्हणतात की प्रस्ताव विचाराधीन आहे. तेव्हा एवढं करा, पुस्तिकेत पत्ता छापू नका. बाकी अन्नपूर्णा म्हणा, जगदंबा म्हणा.

कळावे. लोभ आहे तेवढा ठेवा, पाहुणे थोडे कमी ठेवा.

तुमची,
सुनंदावहिनी

॥ श्री ॥

पुणे, ३ मे १९७८

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र वाचून मन विषण्ण झाले. थर्मासचे मी बोलतो. परंतु मृतात्म्याला दिलेला शब्द हा काही सरकारी आदेश नव्हे, की सोयीप्रमाणे रद्द करावा. कावळा शिवला याचा अर्थ आजीने तो स्वीकारला. आता आपण मागे सरलो तर तिचा आत्मा कुठे घुटमळेल? शिवाय पुस्तिकेची जाहिरात मी दोन मासिकांतून केली आहे, लोक काय म्हणतील?

आणि वहिनी, राग मानू नये, पण यात एवढे अवघड ते काय? चुलीवर स्वयंपाक होतच असतो. चार पोळ्या अधिक लाटल्या की झाले. आजीने अठ्ठावीस वर्षे हसतमुखाने केलेच ना? तिच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली नाही.

कोटाचा प्रसंग घेतला आहे, मात्र कोट आजीने स्वतः विणून दिला असे केले आहे. कुकर गाळला. सोबत प्रुफे पाठवतो आहे. शुद्धलेखनात आपला हात धरणारे आपल्या घराण्यात कोणी नाही. मी उद्यापासून महिनाभर उत्तरपत्रिका तपासायला सांगलीला आहे, तेव्हा दुरुस्त्या करून प्रुफे थेट छापखान्यालाच धाडावीत. तुमच्या हातचे तेच अंतिम, असे मालकांना सांगून ठेवले आहे. शाळेला काय लिहावे हे आपली सदसद्विवेकबुद्धी सांगेलच.

आपल्या हातच्या पुरणपोळीचा सदैव भुकेला,
दिनकर

॥ श्री ॥

नवी दिल्ली, २० मे १९७८

चि. दिनकरभावजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रुफं वाचून छापखान्याला धाडली. ‘औदार्य’ तीन ठिकाणी चुकलं होतं, सुधारलं. कोट विणत नाहीत, शिवतात, तेही केलं. शेवटच्या पानावर एक मोठी दुरुस्ती आहे, ती मागाहून दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आधीच सांगते. सरोजिनी नगर खोडून तुमच्या नारायण पेठेतल्या खोल्यांचा पत्ता घातला आहे. बसचा नंबर मला माहीत नव्हता, म्हणून स्वारगेटहून चालत किती मिनिटं ते लिहिलं.

रागावू नका, जरा विचार करा. शब्द तुम्ही दिलात. कावळा तुमच्या बोलण्यावर आला, हे तुम्हीच छापता आहात. मग माझ्या ओट्यापाशी तो शब्द कसा काय येऊन पडला? तुमच्या घरात माझी जाऊ असती तर मी हे बिल्कुल केलं नसतं. दुसऱ्या बाईच्या गळ्यात ही घंटा मी बांधणार नाही. पण तुम्ही सडे आहात, तुमच्याकडे स्टोव्ह आहे, आणि चार पोळ्या अधिक लाटल्या की झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आजी हसतमुखानं करत होत्या हे खरं. त्या वाढत होत्या, भावजी. रांधत मी होते. त्यांचं मोठेपण मी कमी करत नाही. आल्या माणसाला नावानं ओळखणं, त्याच्या आईची चौकशी करणं, हे मला सात जन्मांत जमणार नाही. आजी गेल्या तेव्हा मी तुम्हा दोघा भावांपेक्षा जास्त रडले, हेही खरं.

सुभेदार खंडेराव सहकुटुंब रजेवर निघाले आहेत. दोन मुलं आहेत. त्यांना चार दिवस तुमच्याकडे उतरायला सांगितलं आहे. भीमाबाईंना मी शपथ घालून सांगितलंय की स्टोव्हला हात लावायचा नाही, भावजींना पुण्य करू द्या.

शाळेला होय लिहिलं. पाकीट मी स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. तुमच्या दादांनी पाहिलं आणि म्हणाले, प्रस्ताव मंजूर झालेला दिसतो.

कळावे. ममता अशीच राहू द्यावी, नाही राहिली तरी मला कारण ठाऊक आहे.

तुमची,
सुनंदावहिनी

॥ श्री ॥

पुणे, ५ जुलै १९७८

ती. सौ. सुनंदावहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे. पहिल्या तिहींत ‘विश्वासघात’ हा शब्द होता.

सांगलीहून आलो तो खंडेराव ट्रंकांसह जिन्यात बसलेले. भीमाबाईंनी आपली शपथ इतकी पाळली की मी कांदा कसा चिरतो हे बघायलासुद्धा त्या आत आल्या नाहीत. पहिल्या दिवशी पिठले केले, त्याला खंडेरावांनी आमटी म्हणून दाद दिली. फौजेत याहून वाईट खाल्लेले आहे, असे ते समजुतीने म्हणाले. पंचमीला पुस्तिका वाटली. तीत नारायण पेठ इतके ठळक छापले आहे की आजीचे नाव त्यापुढे बारीक वाटते. त्यानंतर मिरजेचे दोघे आले, मग एक कीर्तनकार आले. कीर्तनकारांना तूप लागते आणि ते मागून घेतात. प्राचार्यांचे साडूही आले. थर्मास त्यांच्या खांद्याला होता, तो मी काढून घेतला आहे.

काल सात जण जेवले. वाढता वाढता मी मिरजेच्या एकाला त्याच्या आईची तब्येत विचारली आणि तो बोलत बसला. त्याचे बोलणे ऐकताना मला आजी फार जवळ वाटली. सगळे तृप्त होऊन उठले, आजीचे नाव घेऊन मला धन्यवाद देऊन गेले. भांडी आवरून पाहतो तो साडेतीन वाजलेले आणि पातेल्यात खरवड उरलेली. ती उभ्यानेच खाल्ली, कारण बसलो असतो तर उठवले नसते.

वहिनी, कॉलेजच्या दिवसांपासून मी दर सुट्टीत तुमच्याकडे आलो आहे. तुमच्या हातच्या एकेका पदार्थाची चव मला सांगता येईल. काल त्या पातेल्यापाशी उभा राहून मी आठवत होतो, पण तुम्हाला जेवताना पाहिल्याचे मला एकदाही आठवले नाही. तुम्ही केव्हा जेवत होतात?

अपराधी,
दिनकर

॥ श्री ॥

नवी दिल्ली, १३ जुलै १९७८

चि. दिनकरभावजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्हीदा रडले. तेव्हा अपराधी वगैरे पुरे.

विचारलंत म्हणून सांगते. जे उरेल ते, साडेतीन-चारला. पण गोडधोड असलं की आजी त्यातली एक वाटी आधीच काढून देव्हाऱ्यात झाकून ठेवत. कुणी मागितलं तर म्हणत की तो नैवेद्य आहे, हात लावायचा नाही. सगळे उठले की मला आत बोलावत आणि सांगत की देवाचं झालं, आता तू घे. अठरा वर्षं हा नेम चुकला नाही. दुसरी आवृत्ती काढलीत तर हे श्रद्धेच्या प्रकरणात घाला.

पाहुण्यांना आता रविवारी या म्हणून सांगते. कृषि भवनवाले गृहस्थ रविवारीही येतात, पण भाजी निवडून देतात.

कळावे. माया आहेच, ती दोघांनी मिळून जपू.

तुमची,
सुनंदावहिनी

ता. क. शाळा सुरू झाली. आज मधल्या सुट्टीत बाकीच्या बाईंबरोबर डबा उघडला. पोळ्या तुमच्या दादांनी लाटलेल्या होत्या, कडेला कच्च्या. चारही खाल्ल्या, बाकावर बसून, अजून कोमट असताना.