खडा माझा स्वतःचा, घरून आणलेला

भिलाई, कॅम्प-१
दि. ९ फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप तेजराम भाऊजींच्या पायांवर केवलरामचे डोके, आणि गिरजाबाईला तिच्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुमचा दमा, बाईचे गुडघे आणि नुकतीच व्यालेली गाय, तिघांची खुशाली उलट टपाली कळवावी. "इकडील सर्व क्षेम" असे लिहायची रीत आहे, पण मी मोजल्याशिवाय काही लिहीत नाही हे तुम्ही जाणता. आमच्या घरात माणसे तीन. त्यांपैकी दोघींचे क्षेम आहे. तिसऱ्याचे, म्हणजे माझे, खाली सविस्तर देतो.

आमच्या पोरीची, रत्नमालेची, सोयरीक तुम्ही जुळवली, तेव्हा गेल्या रविवारी दुर्गला व्याह्यांच्या घरी काय झाले ते तुम्हाला माझ्याकडून कळणे बरे. व्याही आनंदरावांचे पत्र आधी पोचले असेल तर ते सध्या बाजूला ठेवा. (माणूस सज्जन, अक्षरही वळणदार, पण तपशील कच्चा.)

सुरुवातीपासून सांगतो. मला पथरी आहे, आणि ती एक नाही. एक खडा पित्ताच्या पिशवीत, पंधरा मिलीमीटर. दुसरा उजव्या मूत्रपिंडात, पाच. ही मापे डॉक्टरांची नव्हेत, माझी आहेत. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि "असेल सुपारीएवढा" म्हणून मोकळे झाले. सुपारी हे काय माप झाले, भाऊजी? अख्खी की कातरलेली? मी चौथी पास असेन, पण इथल्या पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपात तपासनीस आहे. यंत्रांचे रशियन नकाशे मी कोणाच्या शिकवणीशिवाय वाचायला शिकलो, आणि त्या नकाशांत सुपारी कुठेच लिहिलेली नसते. मी फिल्म घरी आणून व्हर्नियर लावला, तीनदा मोजले आणि सरासरी काढली.

खडे दोन, म्हणून डॉक्टरही दोन, म्हणून पथ्येही दोन. पित्तवाल्यांनी तेल, तूप, खोबरे आणि शेंगदाणे बंद केले. मूत्रपिंडवाल्यांनी पालक, भेदरे (ते टोमॅटो म्हणाले), वांगे, चहा आणि ज्यात बी दिसेल ते सारे बंद केले, वर दिवसाला बारा ग्लास पाणी लावून दिले. (ग्लास केवढा, ते सांगितले नाही. मी अडीचशे मिलीलिटरचा धरला.) दोन्ही याद्या शेजारी ठेवून दोन्हींत न सापडणारे पदार्थ मी वेगळे काढले, तेव्हा उरली लवकी, म्हणजे दुधी भोपळा, आणि कोरा भात. सात महिने झाले, मी लवकी खाऊन राहिलो. कोवळी, बिया काढलेली, बिनफोडणीची. रत्नमालेची आई म्हणते की अंगणातली वेल आता मला पाहून कुंपणापलीकडे सरकून राहिली. शिवाय रोज सकाळी कुळथाचे पाणी घेतो. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, पण माझा विचार वेगळा होता. आपल्या भट्टीत दगडाचे लोखंड पाणी होऊन वाहते, मग एवढासा खडा कुळथाने का वितळू नये? (अजून वितळला नाही. पण तो विचाराचा दोष म्हणता येणार नाही, कुळीथ जुना होता.)

तर रविवारी लग्नाची तारीख ठरवायला आम्ही दोघे दुर्गला गेलो. बसमध्ये रत्नमालेच्या आईने मला बजावून ठेवले की पथरीचे नाव तोंडातून काढायचे नाही. लोक म्हणतील, बापाला आहे तर पोरीलाही होईल, आणि जुळलेले मोडेल. मी कबूल केले. आनंदरावांनी आल्या आल्या भज्यांची बशी पुढे केली. नको म्हणावे तर कारण सांगावे लागणार, म्हणून चार भजी खाल्ली. (पाचवे अर्धेच खाल्ले.) मग तासाभराने पाने मांडली. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, वर बोटभर तेल. भरली वांगी. पालकाची डाळ, तिच्यात भेदरे. भाऊजी, दोन्ही याद्यांतले सगळे एका ताटात इतके बिनचूक कोणी वाढले नसते. मी एकेक वाटी सभ्यपणे लांब सारली आणि भाताकडे वळलो. दुबराजचा भात, फुलासारखा, वास ओसरीपर्यंत. विहीणबाई, म्हणजे मैनाबाई, दारात उभ्या राहून सांगत होत्या की हा तांदूळ त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा निवडला आहे. त्याच घासाला चार भज्यांनी आपले काम केले. उजव्या बरगडीखालून जी कळ निघाली ती सरळ खांद्यात गेली. घास तोंडातच राहिला, हात पोटाशी गेला, आणि माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "खडा."

सगळ्यांचे हात ताटावरच थांबले. आनंदराव हळूच म्हणाले, "कुठी हाय?"

मला कोणी माप विचारले, जागा विचारली, तर खरे उत्तर देण्याची सवय आहे. कळ चालू असतानाही ती सुटत नाही. मी म्हणालो, "उजवीकडे."

आनंदराव माझ्या ताटावर वाकले आणि भाताचा उजवा भाग बोटाने चाचपू लागले. म्हणाले की दिसून नाही राहिला. मी म्हणालो की वरून दिसणार नाही, आत आहे, पंधरा मिलीमीटरचा. मैनाबाईंनी दारातून विचारले की पंधरा मिलीमीटर म्हणजे केवढा. मी बोटाचे अर्धे पेर दाखवले. तेव्हा त्या माउलीचा चेहरा असा झाला, भाऊजी, की कळेतही माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बाईला वाटून राहिले होते की मी त्यांच्या भाताला नाव ठेवतो आहे.

आता पथरी म्हणायचे नाही, कबूल केले होते. (रत्नमालेची आई चौकटीतून माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होती ते डोळे तुमच्या ओळखीचे आहेत.) खोटे मला बोलता येत नाही. म्हणून पथरीचे नाव न घेता जेवढे खरे सांगता येईल तेवढे सांगितले. म्हणालो, "तुमचा नाही, विहीणबाई. खडा माझा स्वतःचा आहे. घरून आणला आहे. सात महिने झाले, जवळच आहे."

एकही शब्द चुकीचा नव्हता. तुम्ही पुन्हा वाचून पहा.

मैनाबाईंनी भाताचे पातेले खाली ठेवले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागले. म्हणाल्या, "सोयरीक मोडाची होती त तोंडानं सांगाचं होतं. घरून खडा आनाची काय गरज होती?" आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. तारीख राहिली तशीच. घरी आल्यावर रत्नमालेची आई जे बोलली ते पत्रात बसणार नाही.

पोरीला कळलेच. रोज सांजेला सूप घेऊन बसते आणि माझ्यापुरता मूठभर तांदूळ दाणा-दाणा पाहून निवडते. मग मी जेवतो तेव्हा समोर बसून राहते. मुलगा रेल्वेत आहे, शांत आहे, तिला पसंत आहे. हे तिने आईला सांगितले आणि आईने मला ऐकू येईल एवढ्या आवाजात भिंतीला सांगितले.

म्हणून मंगळवारी रजा टाकली आणि एक्स-रे, व्हर्नियर घेऊन एकटाच दुर्गला गेलो. पथरीचे नाव घेतले, सरळ. फिल्म खिडकीला लावली, दोन्ही खडे दाखवले, मापे घेऊन दाखवली. आनंदरावांना पटले. आमचे घाबरणे किती फुकट होते पाहा, पथरी घराण्यात असण्याचे मैनाबाईंना काहीच वाटले नाही. त्यांच्या सासऱ्याला होती, दिराला आहे, पथरी कोणाला नसते म्हणाल्या. त्यांचे दुखणे वेगळे. रविवारी शेजारच्या दोघी जेवायला होत्या आणि सोमवारपर्यंत अख्ख्या गल्लीत झाले की मैनाबाईंच्या भातात सुपारीएवढा खडा निघाला. (इथेही सुपारी.) फिल्मकडे त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "फोटो मी कोनाकोनाले दाखवू? पोटात असंन त काढून आना. माह्या हातावर ठेवा. मग तारीख."

मी त्यांना दोष देत नाही. मोजलेली वस्तू प्रत्यक्ष मागणे हा तपासनीसाचा धर्म आहे. उठताना मी त्यांना नमस्कार केला.

तेव्हा येत्या बुधवारी, चौदा तारखेला, इस्पितळात ऑपरेशन आहे. सर्जनसाहेबांना मी इंग्रजीत लेखी अर्ज दिला आहे की खडा न फोडता, मूळ स्वरूपात माझ्या ताब्यात मिळावा. ते हसले, पण सही केली. ह्यात भिण्यासारखे काही नाही. पिशवी काढतात, शिवतात. मी त्यांच्याकडून आकृती काढून घेऊन समजून घेतले आहे. तुम्ही फक्त आनंदरावांना दोन ओळी लिहा की केवलराम विचित्र असेल, पण खोटा नाही. बाकी काही मागणे नाही.

तुमचा
केवलराम

ता. क. कागदांवर घरच्या माणसाची सही लागते, ती रत्नमालेच्या आईने दिली. मी वाचून होण्याआधीच दिली. त्यामुळे तुम्हाला तुमसरहून यायची गरज नाही.

ता. क. दुसरा. मंगळवारच्या गाडीने या. बाईलाही आणा. कोणी विचारले तर कारखाना पाहायला आलो म्हणा. ती आकृती मला समजली हे खरे आहे, भाऊजी, आणि तेव्हापासूनच माझी मापे चुकून राहिली. आज व्हर्नियर दोनदा पडला.

ता. क. तिसरा. काही कमी-जास्त झालेच, तर रडारड मागून करा. आधी सर्जनसाहेबांकडून खडा मागून घ्या, धुवा, पुसा आणि सरळ दुर्गला जाऊन मैनाबाईंच्या हातावर ठेवा. माझ्यापायी पोरीचे लग्न वर्षभर थांबायला नको.

ता. क. शेवटचा. मैनाबाईंची अट रत्नमालेला माहीत नाही. ती सात महिने ऑपरेशन करा म्हणून माझ्या मागे लागली होती, आणि तिला वाटते की बापाने शेवटी तिचे ऐकले. तुम्ही आलात तर तिला तेच वाटत राहू द्या.