भाकरीचे आकडे

आई,

परवा रविवारी गच्चीवर सोसायटीची सभा झाली. तिथे मी जे करून बसले ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तू गेलीस तेव्हा परळची आपली चाळ उभी होती. आता तिच्या जागी ही उंच इमारत आली आहे आणि आपल्या एका खोलीच्या बदल्यात मला सातव्या मजल्यावर घर मिळालंय, संडास-बाथरूम आतच असलेलं. तुला ते फार आवडलं असतं. खानावळीचा तुझा लोखंडी तवा मी टाकून दिला नाही, पण गॅसवर तो नीट बसत नाही म्हणून गॅलरीत कुंडीखाली ठेवलाय. रागावू नकोस.

तुझ्या खानावळीत गिरणीची माणसं आपापल्या मुलखाप्रमाणे बसायची, आठवतं? कोकणातले दाराशी, कारण त्यांना आधी भात लागायचा. सातारा-सांगलीचे भिंतीला टेकून, भाकरी कुस्करत. तेलुगू विणकर दोघं-तिघं खिडकीखाली, चिंचेचं आंबट मागून घेणारे. कोणी त्यांना तसं बसवलेलं नव्हतं, पण कोणी जागाही बदलायचं नाही. थट्टा चालायची, भांडणंही व्हायची, आणि तू चुलीपुढून न उठता एवढंच म्हणायचीस, "जेवा गुमान, नाहीतर ताट उचलते." आता चाळीतल्या निम्म्याअधिक लोकांनी घरं विकली नाहीतर भाड्याने दिली आणि ते बदलापूर-विरारला गेले. त्यांच्या जागी गुजराती आले, मारवाडी आले, उत्तरेकडची दोन कुटुंबं आली, आणि माझ्या शेजारी मणिपूरची एक मुलगी आली. इथल्याच इस्पितळात नर्स आहे. गोरीपान, बारीक डोळ्यांची. खाली खेळणारी पोरं तिला पाहून चिनी-चिनी करतात. ती हसते, पण लिफ्टचं दार बंद झालं की तिचं हसू उतरतं, ते मी शेजारी उभी राहून पाहिलंय.

सभेची नोटीस लागली त्या दिवशी तिने माझी बेल वाजवली. नोटिशीत लिहिलं होतं की यापुढे मराठी माणसाशिवाय कोणाला घर भाड्याने द्यायचं नाही, आणि आत्ता जे तसे भाडेकरू आहेत त्यांनी महिनाअखेर घर सोडायचं. तिला मराठी वाचता येत नाही, पण कोणीतरी तिच्या कानावर घातलं असावं. "आंटी, ये मेरे बारे में है ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नहीं रे, सबके बारे में है." पण सबके बारे में ते नव्हतंच. गुजराती-मारवाड्यांनी घरं विकत घेतलेली, त्यांना कोण हात लावणार? उत्तरेकडचेही मालक. भाड्याने राहणारी बाहेरची ती एकटीच होती. इस्पितळापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तिला दुसरं घर कोण देणार? हे मिळायलाच तिने कितीतरी दारं पाहिली होती.

आमचा अध्यक्ष तुला ठाऊक आहे. बापाचं बोट धरून आपल्याकडे जेवायला यायचा तो गुबगुबीत पोरगा. तुला मावशी म्हणायचा, तुझ्या पातळ भाकरीसाठी रडायचा. आता त्याचे केस पिकलेत आणि मलाच तो ताई म्हणतो. माणूस वाईट नाही, हे मला तुझ्यापाशी कबूल केलं पाहिजे. त्याच्या दोन्ही मुलांना परळमध्ये घर घेणं जमलं नाही, सणाला येतात आणि संध्याकाळी ट्रेन पकडून परत जातात. सभेत तो उभा राहिला आणि मजल्या-मजल्याने सांगत गेला, कोणाच्या घरात कोण आलंय, कोणाचे देव कुठले, कोणाच्या घरात काय शिजतं. "आपल्याच जागेत आपण पाहुणे झालो, ताई. निदान भाड्याने तरी आपली माणसं राहू देत." लोकांनी माना डोलावल्या. माझीही मान हलली असेल. मग कोणीतरी त्या मुलीच्या सुक्या मासळीच्या वासाचं काढलं, आणि माझं डोकं फिरलं. गेल्याच वर्षी पलीकडच्या टॉवरवाल्यांनी आपल्या सुकटीच्या वासाची तक्रार केली होती, तेव्हा हाच अध्यक्ष त्यांच्या गेटवर भांडायला गेला होता. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "चला, हात वर करा. ताई, तुम्ही मोजा. तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे."

आणि मी मोजायला उभी राहिले. तुला माहीत आहे, काहीही मोजताना माझ्या तोंडात काय येतं ते. वाळत घातलेले कपडे असोत की औषधाच्या गोळ्या, ओठांतल्या ओठांत तेच चालतं. तू भाकरी थापायचीस, तव्यावरून काढून फडक्यात टाकायचीस आणि पुटपुटायचीस, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. पाच झाल्या की ती चवड बाजूला सारून पुन्हा ओंदु. तू अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी बोलणाऱ्यांची लेक, हे मला फार उशिरा समजलं. लहानपणी मला वाटायचं, हे भाकरीचे आकडे आहेत. शाळेचे वेगळे, भाकरीचे वेगळे.

तो दिवस मी विसरलेले नाही. नाक्यावरचं इडलीवाल्याचं हॉटेल फोडलं तो. दुपारी रस्त्यावर काचा पडल्या होत्या आणि तो मालक बायकोला घेऊन मागच्या दाराने निघून गेला होता. रात्री पंगत बसली आहे, फोडणाऱ्यांतलाच एक जण भिंतीला टेकून जेवतो आहे, मोठ्याने सांगतो आहे की या लोकांना इथून हाकललंच पाहिजे. तू भाकरी थापते आहेस, ओठ घट्ट मिटून, आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझं काम सोपं करावं म्हणून मोठ्याने म्हणते आहे, ओंदु, एरडु... तुझा पिठाचा हात खाडकन माझ्या तोंडावर बसला. मारला नाहीस, दाबून धरलास. पीठ नाकात गेलं. "त्ये इथं न्हाई म्हनायचं," तू कानाशी म्हणालीस. मग उठून त्या माणसाला तू गरम भाकरी वाढलीस. त्यानंतर तू भाकरी मोजताना आवाज केला नाहीस, नुसते ओठ हलायचे. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आता त्या माणसाचा येतो, आणि इतक्या वर्षांनीही तो कमी होत नाही.

तर मी हात मोजायला लागले आणि पहिले दोन आकडे तोंडातून मोठ्याने बाहेर पडले. ओंदु. एरडु. खरं सांगते, ठरवून नाही. अध्यक्ष म्हणाला, "ताई, हे काय?" तिथे मी थांबू शकले असते, हसून सावरून घेता आलं असतं. तुझा हात तोंडावर आला असता तर थांबलेही असते. पण मी पुढच्या हाताकडे बोट केलं आणि म्हटलं, मूरु. मग नाल्कु. मग ऐदु. आणि थांबले.

"माझ्या आईची भाषा आहे, अक्कलकोटकडची कानडी," मी म्हटलं. "तू ज्या भाकऱ्यांसाठी रडायचास ना, त्या ह्याच भाषेत मोजलेल्या होत्या. आता मला सांग, महिनाअखेर मी पण जाऊ?"

मागून कोणीतरी घाईघाईने म्हणालं, "अहो, अक्कलकोट तर महाराष्ट्रातच येतं, तुमचं चालतंय." मला संताप आला. चालवून घ्यायला मी आले नव्हते. अध्यक्षाचा हात अजून अर्धवट वर होता. त्याने तो खाली आणला आणि त्याच हाताने मान खाजवली. "मावशी कधी बोलल्या नाहीत," एवढंच तो म्हणाला, अगदी हळू. मग आणखी काही हात खाली आले, काही हट्टाने वरच राहिले, आणि कोणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. मुलगी तूर्त राहिली आहे. पहिल्या मजल्यावरची बाई मात्र दोन दिवस झाले माझ्याकडे बघत नाही.

तुला वाचता येत नव्हतं, गावाकडून आलेलं कार्डही मीच वाचून दाखवायचे. तेव्हा हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, तव्याखाली ठेवीन. सगळ्यांना वाटतंय की त्या दिवशी मी हिमतीने मोजणी थांबवली. शेजारच्या मुलीलाही तसंच वाटतंय, तिने माझा हात धरला तेव्हा मी काही बोलले नाही. पण तुला म्हणून सांगते, आई, वर हात पुष्कळ होते आणि मला पाचाच्या पुढे येत नव्हतं.