आत्याची अट

प्रिय आत्या,

बाबांनी तुझा निरोप पोचवला, आणि तोही तुझ्याच थाटात, एक बोट वर करून. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललंस आणि वर अट घातलीस की भूल माझी भाची देणार असेल तरच मी टेबलावर चढेन, नाहीतर खड्यांना म्हणावं, राहा सुखाने. बाबा चिडलेत. आमच्याच रुग्णालयातले तुझे सर्जन म्हणतात, पुढची कळ मोठी आली तर घाईगडबडीत करावं लागेल, आणि या वयात ते बरं नाही. म्हणजे सगळं माझ्या हो-नाहीवर अडलंय. अट ऐकून मला आधी अभिमान वाटला आणि मागोमाग शंका आल्या, म्हणजे नेहमीच्याच क्रमाने. उत्तर देते, पण आधी आमच्या विभागाची बातमी सांगू दे. त्याशिवाय माझं उत्तर तुला पटायचं नाही, आणि न पटलेलं उत्तर तू लाल शाईने खुणा करून परत पाठवतेस.

बातमी अशी की विद्यापीठाच्या संशोधन सभेत यंदा पहिलं बक्षीस आमच्या भूलशास्त्र विभागाला मिळालं. एरवी आम्हाला विचारतो कोण? बरा झालेला पेशंट सर्जनला फुलं देतो आणि आम्हाला विचारतो, 'तुम्हीच ना ते झोपेचं इंजेक्शन?' आमचं काम चोख झालं की ते कुणाला आठवतच नाही. आणि आत्या, बक्षीस मिळालेलं काम माझं आहे. म्हणजे सगळ्यांचं आहे, पण सुरुवात माझी. खरं तर सुरुवात तुझी. दम्यामुळे मी शाळेत उशिरा गेले आणि पहिले धडे तुझ्या जेवणाच्या टेबलावर गिरवले. माझं उत्तर चुकलं की तू 'खात्री आहे?' विचारायचीस, ते ठीक. पण बरोबर असलं तरी भुवई उंचावून तेच विचारायचीस! त्या भुवईने माझी जन्माची वाट लावली. आता मी सकाळी भुलीचं मशीन तपासते, सिरिंजवरची लेबलं वाचते, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा वाचते. माझ्याबरोबर शिकणारा एक उंच मुलगा आहे, सगळे त्याला उंट म्हणतात. तो म्हणतो, 'अगं बस कर, आता मशीनलाच स्वतःबद्दल शंका यायला लागलीय.'

तर झालं असं. भूल उतरल्यावर पेशंट शेजारच्या मोठ्या खोलीत जागे होतात. वयस्कर माणसं कधीकधी गोंधळलेली उठतात, म्हणून आम्ही साधे प्रश्न विचारतो. तुम्ही कुठे आहात, समोरच्या घड्याळात किती वाजलेत, वगैरे. एकदा दोन आजोबा शेजारशेजारच्या खाटांवर जागे झाले. एक घड्याळं दुरुस्त करणारे, दुसरे निवृत्त बसचालक. घड्याळवाल्या आजोबांना वेळ विचारली, तर म्हणाले, 'आधी काटे कुठे गेले ते सांगा, मग वाजले किती ते सांगतो.' बसचालक आजोबा माझ्याकडे बोट दाखवून सिस्टरच्या कानात कुजबुजले, 'पोरी, या बाईंना दोन डोकी आहेत, कुणी सांगितलंय का त्यांना?' उंटाने दोघांपुढे 'गोंधळलेले' असं लिहून टाकलं आणि त्यांना शांत करायचं औषध द्यायचं का, ते विचारायला निघाला. मला मात्र तुझी भुवई दिसली. घड्याळवाल्या आजोबांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. बसचालक आजोबांचा कानशिलात रुतला होता. दोन्ही सारखेच, काळे, जाड काड्यांचे. ऑपरेशनआधी आम्ही चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं सगळं काढून बाजूच्या तबकांत ठेवतो आणि एरवी वॉर्डात गेल्यावरच परत देतो. त्या दिवशी दोघांनी चष्मा मागितला म्हणून सिस्टरनी शेजारच्या तबकातला चढवला, पण मधे खाटा हलल्या होत्या आणि तबकं तिथेच राहिली होती. मी चष्म्यांची अदलाबदल केली. घड्याळवाल्या आजोबांनी वेळ तर सांगितलीच, वर घड्याळ मागे पडतंय म्हणून आम्हाला झापलं. बसचालक आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, 'आता एकच डोकं आहे. बरं झालं, बाई चांगल्या आहेत.'

सिस्टर तर हसून हसून भिंतीला टेकल्या. आमच्या विभागप्रमुख मॅडमही हसल्या, आणि मग त्यांनी मागच्या नोंदींची वही उघडली. म्हणाल्या, 'ज्यांना धड दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, अशा किती जणांना आपण आजवर गोंधळलेलं ठरवलं असेल?' त्यातून संशोधन उभं राहिलं. काही पेशंटांना चष्मा आणि कानातलं यंत्र जाग येतायेताच द्यायचं, बाकीच्यांना पूर्वीसारखंच, वॉर्डात गेल्यावर. आणि कोण किती गोंधळतं ते बघायचं. ऐकायला सोपं. पण मी खुसपट काढलं. तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे कळता कामा नये, नाहीतर तो नकळत आपल्या बाजूने कौल देईल. आणि इथे तर गट नाकावरच बसलेला! मॅडमनी कपाळाला हात लावला. शेवटी मी सुचवलं की मध्ये पडदा ओढायचा आणि प्रश्न पडद्यामागून विचारायचे. ते काम आवाजामुळे उंटाकडे गेलं. त्याचा आवाज भारदस्त आहे, बाकी काही नाही. एक आजी जाग्या झाल्या आणि पडद्यामागून आवाज आला, 'तुमचं नाव सांगा.' आजींनी हात जोडले. म्हणाल्या, 'देवा, तुला माहीत नाही होय?' उंट बिचारा म्हणाला, 'आजी, मी ज्युनिअर डॉक्टर आहे.' आजी म्हणाल्या, 'मग ठीक आहे, म्हणजे मी अजून इकडेच आहे.' त्यांना पूर्ण गुण मिळाले.

निकाल चांगला आला. चष्मा लगेच मिळालेल्यांत गोंधळ कमी होता. सभेत बोलायला मॅडमनी मलाच उभं केलं. मी सांगितलं की गोंधळ कमी होतो, पण संपत नाही, आणि हे एकाच रुग्णालयातलं आहे, आणि आणखी कुणीतरी करून बघायला हवं, आणि अजून दोन शंका आहेत. समोरच्या रांगेतून मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, 'अगं बाई, बक्षीस परत करायला उभी आहेस का?' अख्खं सभागृह हसलं. मीही हसले, पण शंका मात्र दोन्ही सांगितल्या.

हे सगळं आमची फुशारकी म्हणून लिहिलं नाही. बाबांना तू खरं कारण सांगितलं नाहीस, पण मला ते कळलंय. तू कळांना भीत नाहीस, सुईलाही नाही. तुझी ती मैत्रीण ऑपरेशननंतर दोन दिवस स्वतःच्या मुलाला पोस्टमन समजून पत्रं मागत होती, तेव्हा तू घरी येऊन जेवली नव्हतीस. तुझं डोकं ही तुझी एकुलती एक मिरवायची वस्तू आहे. ते परक्यांसमोर घसरलं तर, ही तुझी भीती आहे. मी असले तर निदान घरातलंच माणूस बघेल, असा तुझा हिशोब. मी खोटं आश्वासन देणार नाही. तसं होणारच नाही, असं कुणीही सांगू शकत नाही. पण शक्यता कमी करता येते, आणि ती कशी करायची हे आमच्या विभागाला आता बऱ्यापैकी माहीत आहे.

आणि आता तुझं उत्तर. नाही, आत्या. तुला भूल मी देणार नाही. आमच्याकडे रक्ताच्या माणसाला कुणी भूल देत नाही. मॅडम म्हणतात, ज्याचा चेहरा बघून डोळे भरतात त्याच्या मॉनिटरकडे लक्ष राहत नाही. तुझी भूल मॅडम स्वतः देणार आहेत; मी त्यांना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. पण नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. मी रोज लोकांना धीर देते, आवाज चढू देत नाही. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मला ते जमणार नाही, आणि जमवायचंही नाही. मला त्या दिवशी रजा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचंय, बाबांच्या शेजारी, दार उघडलं की दचकून उठायचंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचंय, आमची आत्या कशी आहे. मला तुझी डॉक्टर व्हायचं नाही, आत्या. मला मनसोक्त घाबरू दे. तेवढ्यासाठी तरी ये.

तुझीच,
भित्री भागूबाई